गोट्याला गोलाई येते कुठून?

चंदीगडच्या सेक्टर 1 मधले रॉक गार्डन तुम्ही बहुतेकांनी पाहिले असेल. रस्ते निरीक्षक म्हणून नोकरी करणाऱ्या नेकचंद यांनी 1957 च्या सुमारास शिवालिकच्या पायथ्याच्या ओढ्यांतले गोटे आणि बांधकामातला टाकाऊ माल सायकलवरून आणून गुपचूप ही बाग उभारायला सुरुवात केली. 1976 मध्ये ती लोकांसाठी उघडली, 1984 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सगळे जण तिथले पुतळे पाहतात. मला नुसते गोटे जास्त आवडतात. एकही धड वर्तुळ नाही, चौकोन नाही, तरी प्रत्येकाला गोलाई आहे. संगणकावर छायाप्रकाश शिकायला याहून चांगला नमुना नाही.

मराठी पानासाठी कॅडेट्सकडून येणारे ढग, डोंगर, दगड बहुधा कागद कापून चिकटवल्यासारखे सपाट दिसतात. बाह्यरेषा उत्तम असते, पण उजेड कुठून येतो हे ठरवलेलेच नसते. म्हणून आधी ठरवा: उजेड वरून डावीकडून.

गिम्प हे मोफत सॉफ्टवेअर वापरू. (1995 मध्ये बर्कली विद्यापीठातल्या स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ते लिहायला घेतले.) हजार पिक्सेलचा चौरस कागद घ्या. नव्या पारदर्शक लेयरवर फ्री सिलेक्ट टूलने अर्ध्या कागदाएवढा ओबडधोबड आकार काढा. कोपरे टोचत असतील तर सिलेक्ट मेनूतून आधी फेदर, मग शार्पन द्या. पाण्याने झिजवल्यासारखी कड मिळते. त्यात मध्यम करडा रंग भरा.

आता खरी युक्ती. निवड तशीच ठेवून वर आणखी एक लेयर घ्या आणि तीत गडद करडा भरा. मूव्ह टूलमध्ये 'सिलेक्शन' हा पर्याय निवडून फक्त निवडीची रेषा साठेक पिक्सेल वर आणि डावीकडे सरकवा. तिला ऐंशी पिक्सेलचे फेदर द्या आणि डिलीट दाबा. उजवीकडे खाली मऊ, गडद चंद्रकोर उरते, तीही गोट्याच्या स्वतःच्या वळणाने जाणारी. लेयरचा मोड मल्टिप्लाय करा. तयार गोल ग्रेडियंटने हे साधत नाही. तो फक्त चेंडूला शोभतो. आणि चारही कडा सारख्या गडद केल्या तर गोट्याची उशी होते.

उजेडाच्या बाजूला मोठ्या मऊ ब्रशने हलका पांढरा एकदाच फिरवा. उजव्या खालच्या कडेलगत सावली किंचित उजळ करा, कारण जमिनीवरून परतलेला उजेड तिथे पोचतो. ही बारीक पट्टी बहुतेक जण विसरतात आणि गोलाई नेमकी तिच्यामुळेच पटते.

जमिनीवरची सावली काढायच्या आधी चित्र 180 अंशांत फिरवून पाहा. फुगलेला गोटा खळग्यासारखा दिसू लागतो! उजेड वरूनच येतो असे आपला मेंदू गृहीत धरतो. मग चित्र सरळ करा, गोट्याच्या लेयरखाली त्याचाच काळा आकार थोडा उजवीकडे खाली सरकवून ठेवा आणि गॉसियन ब्लर द्या. गोटा जिथे टेकतो तिथे सावली जास्त काळी हवी, नाहीतर तो हवेत तरंगतो.

हा खळग्याचा खेळ तुमच्या नकाशा-वाचनात थेट उपयोगी आहे. छायांकित उठावाच्या नकाशावर उजेड प्रथेने वायव्येकडून, म्हणजे वरून डावीकडून दाखवतात. प्रत्यक्षात चंदीगड 30.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे माध्यान्हीचा सूर्य वर्षभर दक्षिणेलाच असतो. (महाराष्ट्रात तो वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो.) हिवाळ्यात सकाळी साडेदहाच्या सुमारास घेतलेल्या उपग्रहचित्रात सूर्य आग्नेयेला असतो आणि डोंगरांच्या सावल्या वायव्येला पडतात. उत्तर वर धरून असे चित्र पाहिले की उजेड खालून आल्यासारखा होतो. शिवालिकच्या सोंडा ओढे वाटतात, ओढे सोंडा वाटतात. आडोशासाठी ओढ्यातून जायचे ठरवलेली तुकडी मग उघड्या धारेवर चढेल.

अशा वेळी सावल्या कोणत्या दिशेला पडल्या आहेत ते आधी पाहा, नाहीतर एखादा ओळखीचा पाणीसाठा शोधून तिथून उतार ताडून घ्या. पुढच्या तासाला सुखना तलावाच्या ईशान्येच्या टेकड्यांचे हिवाळी चित्र उघडा आणि ते दक्षिण वर करून फिरवून पाहा.