थंड इंजिनाचा खडखडाट व तेलाचा दाटपणा

ग्वाल्हेरीकडे पौष-माघाच्या पहाटे मालमोटार सुरू केली की इंजिन काही क्षण टकटक वाजते आणि मग आपोआप शांत होते. पुष्कळ सभासदबंधूंना हा मोठ्या खर्चाचा इशारा वाटतो. बहुधा तो तसा नसतो.

गाडी रात्रभर उभी राहिली की तेल निथळून तळाच्या चेंबरात जमते. पंप ते पुन्हा वर टॅपेटपर्यंत चढवीपर्यंत फटी वाजतात. तेल जितके दाट, तितका हा विलंब अधिक. थिजलेले तूप ओतून पाहावे, म्हणजे कारण ध्यानी येईल. डब्यावरील '१५डब्ल्यू-४०' यातील पहिला आकडा थंडीतील वर्तन दर्शवितो, दुसरा १०० अंश सेल्सिअसचा दाटपणा. त्या उष्णतेला हे तेल १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक भरते. ४० अंशांवर तेच शंभराच्या आसपास जाते. मग पहाटेच्या ५ अंशांवर काय होत असेल? म्हणूनच आवाज दबावा या हेतूने २०डब्ल्यू-५० घालण्याचा मिस्त्रीलोकांचा सल्ला आम्हांस पसंत नाही. तापलेल्या इंजिनाचा आवाज त्याने कदाचित दबेल, पहाटेचा मात्र लांबेल.

सर्व दोष तेलाचाच असतो असेही नाही. थंड पिस्टन आकुंचित असल्याने सिलिंडरवर आपटतो, आणि थंड हवेत डिझेल उशिरा पेट घेते, त्याचा ठोका निराळा. ऊब येताच दोन्ही ओसरतात. तोवर ॲक्सिलरेटर दाबू नये. तेलाचा लाल दिवा विझला नाही, तर इंजिन तत्काळ बंद करून आधी तेलाची पातळी पाहावी.