ओढलेल्या तारेचा स्वर

आमच्या चिक्कडपल्लीच्या त्यागराय गान सभेत वीणावादन ऐकताना आम्हांस एका गोष्टीचे नेहमी नवल वाटते. वादक पडद्यावर दाबलेली तार बोटाने आडवी ओढतो आणि एका स्वरातून दुसरा स्वर अलगद उमलतो. पाश्चात्य गिटारवादकही हेच करतात, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. याचे उत्तम उदाहरण म्हणजे गॅरी मूर यांची १९९० सालची ‘स्टिल गॉट द ब्लूज’ ही ध्वनिमुद्रिका होय. मूर यांचा जन्म उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट येथे १९५२ साली झाला.

ब्लूज म्हणजे काय? अमेरिकेच्या दक्षिण भागात, गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय लोकांत श्रमगीते व भक्तिगीते यांतून हे गायन घडले. त्याचे आवर्तन बहुधा बारा खंडांचे असते. गांधार व निषाद किंचित उतरलेले लागतात. म्हणून ते इतके करुण वाटते. पुढे इंग्लंडमधील तरुणांनी हे संगीत विजेच्या गिटारवर घेतले. ध्वनिवर्धकावर मुद्दाम अतिरिक्त भार दिला, की स्वर खरखरीत व भरदार होतो आणि दीर्घकाळ टिकतो. १९७० च्या सुमारास यातूनच ‘हेवी मेटल’ हे दणदणीत संगीत जन्मास आले.

मूर यांनी १९८० नंतरच्या दशकात या दणदणीत वादनात नाव मिळविले होते. ते सोडून ब्लूजकडे वळल्यास जमलेला श्रोतृवर्ग दुरावण्याचे भय होते. तरीही वयाच्या ३७ व्या वर्षी त्यांनी ते धाडस केले. मात्र कमावलेले त्यांनी टाकून दिले नाही. हेवी मेटलचा दीर्घ, भरदार स्वर त्यांनी राखला आणि त्यावर ब्लूजची मींड घेतली. शीर्षकगीतात गिटारचा स्वर गवयाच्या दमासाप्रमाणे लांबत जातो.

अल्बर्ट किंग या ज्येष्ठ वादकाने १९६६ साली गाजविलेले ‘ओ प्रिटी वूमन’ हे गीत मूर यांनी येथे पुन्हा सादर केले, तेव्हा साथीला स्वतः किंगच गिटार घेऊन बसले होते! हीच ध्वनिमुद्रिका मूर यांची सर्वांत लोकप्रिय कृती ठरली. २०११ साली ते निवर्तले.

विद्यार्थी मित्रहो, ज्यांच्यापासून विद्या घेतली, त्यांना मानाने शेजारी बसवून मूर यांनी नवे निर्माण केले. गान सभेत वीणेची तार पुन्हा ओढली जाईल, तेव्हा त्या दूरच्या गिटारचेही स्मरण ठेवा.