रुग्णाच्या पिशवीतील नवे द्रव्य : ऑनलाइन खरेदीत ते गवसते कसे?

काही महिन्यांपूर्वी पन्नाशीच्या एक रुग्णा चिकित्सालयात आल्या. चार वर्षे त्यांचा रक्तदाब औषधाने १३०/८० च्या आसपास स्थिर होता. त्या दिवशी तो १६४/१०० भरला. पायांतील शक्ती गेल्यासारखे वाटते, घोट्यांवर सूज येते, अशीही तक्रार होती. नेहमीचे औषध चुकलेले नव्हते, आहारात बदल नव्हता. 'याशिवाय काही औषध घेता का?' या प्रश्नास 'औषध असे काही नाही' हे उत्तर मिळाले. रक्ततपासणीत पोटॅशियम घटलेले आढळले, तेव्हा घरातील सर्व डबे व बाटल्या पिशवीत घालून आणावयास सांगितले. पिशवीतून तीन वस्तू निघाल्या : घशासाठी ज्येष्ठमधाचे चूर्ण, पोटाच्या जळजळीवर म्हणून विकला जाणारा वनौषधी चहा आणि खोकल्यासाठी चघळावयाच्या गोळ्या. तिन्हींत ज्येष्ठमध होते.

ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिन दीर्घकाळ व अधिक मात्रेत पोटात गेल्यास वृक्कांत सोडियम व पाणी धरून ठेवले जाते, पोटॅशियम बाहेर पडते आणि रक्तदाब वाढतो. तिन्ही वस्तू थांबविल्यावर सुमारे तीन आठवड्यांत रक्तदाब पूर्वपदावर आला. एकेक वस्तू स्वतंत्रपणे पाहता निरुपद्रवी वाटावी अशीच होती. दोष एकत्रित मात्रेचा होता.

चूर्ण बाईंनी स्वतः शोधून मागविले होते. उरलेल्या दोन वस्तूंविषयी त्या म्हणाल्या, 'त्या मोबाइलवर आपोआप समोर आल्या.' हे 'आपोआप' म्हणजे नेमके काय, ते वैद्यवर्गाने समजून घेणे आता अगत्याचे झाले आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

शोध आणि क्रम

ग्राहक प्रथम शब्द टंकतो : 'घसा', 'केस गळणे', 'सांधेदुखी'. संकेतस्थळ त्या शब्दांशी जुळणाऱ्या शेकडो वस्तूंतून काही निवडून क्रमाने मांडते. पूर्वीची विक्री, किती ग्राहकांनी ती वस्तू उघडून पाहिली, किंमत, घरपोच येण्यास लागणारा वेळ अशा बाबींचा विचार हा क्रम ठरविताना होतो. शिवाय वरच्या जागांपैकी काही विकाऊ असतात. विक्रेते विशिष्ट शब्दांवर बोली लावतात आणि ग्राहकाने जाहिरातीवर बोट ठेवले की त्यांना पैसे मोजावे लागतात. अशा वस्तूशेजारी 'प्रायोजित' असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. मोबाइलच्या लहान पडद्यावर मोजक्याच वस्तू मावत असल्याने पहिल्या दोन-चार स्थानांचे मोल फार. क्रम कोणत्या मुख्य निकषांवर लावला जातो ते संकेतस्थळाने स्पष्ट करावे, असे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० सांगतात. परंतु तो मजकूर वाचणारा ग्राहक विरळाच.

एका वस्तूमागून दुसरी

'हे घेणाऱ्यांनी तेही घेतले' या सूचनेमागील पद्धती ॲमेझॉनमधील ग्रेग लिंडन, ब्रेंट स्मिथ व जेरेमी यॉर्क यांनी २००३ साली एका शोधनिबंधात मांडली. आपल्यासारख्या आवडीचे इतर ग्राहक हुडकणे ही आधीची रीत होती. ग्राहकांची संख्या वाढली की ती फार संथ होई. या संशोधकांनी ग्राहकाऐवजी वस्तूला केंद्रस्थानी ठेवले. कोणत्या दोन वस्तू एकाच ग्राहकाने घेतल्याचे पुनःपुन्हा दिसते, याचे कोष्टक आधीच तयार करून ठेवावयाचे आणि ग्राहकाने एक वस्तू घेताच कोष्टकातील तिच्या जवळच्या वस्तू पुढे करावयाच्या, असे तिचे स्वरूप. आज याच्या जोडीला अधिक गुंतागुंतीच्या पद्धती आल्या असल्या तरी मूळ तत्त्व उपयोगात आहेच.

काष्ठौषधींच्या दुकानातील जुना विक्रेताही सुंठ मागणाऱ्यास 'मिरी-पिंपळी हवी का?' असे विचारतो. पण त्याच्यासमोर माणूस उभा असतो. गर्भिणी असेल तर तो थबकतो. यंत्र वस्तूचा वस्तूशी संबंध जुळविते, तर वैद्य द्रव्याचा पुरुषाशी. प्रकृती, वय, अग्नी, चालू औषधे यांना कोष्टकात रकाना नाही. घशाची एक वस्तू घेणाऱ्यास घशाचीच दुसरी सुचते आणि समान हेतूच्या वस्तूंत समान घटक असण्याचा संभव अधिक. तीन नावांनी एकच द्रव्य घरात शिरते ते याच वाटेने.

अगदी नव्या उत्पादनाची अडचण वेगळी. ते कोणीच घेतलेले नसल्याने कोष्टकात त्याला स्थान नसते. म्हणून ते जाहिरातीतून, प्रारंभीच्या सवलतीतून किंवा प्रसिद्ध व्यक्तींच्या चित्रफितींतून पुढे आणले जाते. ज्याचा अनुभव सर्वांत थोडा, त्याचा गवगवा सर्वांत मोठा असे अनेकदा दिसते ते यामुळेच.

इतरांचे मत आणि आप्तत्व

तारांकित अभिप्रायांवर लोकांचा मोठा भरवसा असतो. मॅथ्यू सॅल्गॅनिक, पीटर डॉड्स व डंकन वॉट्स यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग येथे मननीय आहे. सुमारे १४,००० व्यक्तींना अपरिचित वादकसंघांची ४८ गीते ऐकविण्यात आली. काहींना इतरांची पसंती दिसत नव्हती. उरलेल्यांना आठ स्वतंत्र गटांत विभागून आपापल्या गटातील पसंतीचे आकडे दाखविले होते. आकडे दिसताच लोकप्रिय गीते अधिक लोकप्रिय झाली, मात्र कोणते गीत वर जाईल हे गटागटांत वेगळे निघाले. सारांश, सुरुवातीची थोडीशी आघाडीही पुढे मोठी होते. ती गुणवत्तेचीच खूण असते असे नाही.

चरकाचार्यांनी आप्तोपदेश हे प्रमाण मानले, परंतु आप्त कोण याची कसोटी कठोर ठेवली. रज व तम यांपासून मुक्त असणे ही ती कसोटी. अनोळखी अभिप्रायदात्यास ती लावता येत नाही. भारतीय मानक ब्यूरोने अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक केले आहे. 'त्वरा करा, दोनच शिल्लक' अशी खोटी घाई किंवा छुपी जाहिरात यांसह तेरा फसव्या क्लृप्त्यांना नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे. तरीही सावधपणाला पर्याय नाही.

आपल्या शास्त्राशी निगडित धोका

२००८ साली 'जामा' या नियतकालिकात रॉबर्ट सेपर व सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. इंटरनेटवरून मागविलेल्या १९३ आयुर्वेदीय उत्पादनांपैकी सुमारे २१ टक्क्यांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले; अमेरिकेत व भारतात निर्मिलेल्यांत फारसा फरक नव्हता. रसौषधींत हे प्रमाण अधिक होते. त्या अभ्यासावर आपल्याकडे पुष्कळ वाद झाला. रसौषधींतील धातू हेतुतः योजलेले असतात, हा आक्षेप रास्त आहे. पण वैद्याविना, मात्रा व काल न ठरविता ती घरोघर पोहोचावीत, असे रसशास्त्राचा कट्टर अभिमानीही म्हणणार नाही.

वत्सनाभ, भल्लातक, विषमुष्टी, हिंगुळ, हरताळ इत्यादी द्रव्ये औषधी कायद्याच्या अनुसूची ई(१) मध्ये आहेत. घरोघरी परिचित असा त्रिभुवनकीर्ती रसही हिंगुळ व वत्सनाभ यांमुळे याच वर्गात येतो. अशी पोटात घ्यावयाची औषधे ऑनलाइन विकताना नोंदणीकृत वैद्याची चिठ्ठी ग्राहकाने सादर केल्यावरच विक्री व्हावी, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२२ मध्ये संकेतस्थळांना बजावले आहे. त्याच वर्षी आयुर्वेद आहाराचे स्वतंत्र विनियमही आले. त्यामुळे औषध आणि आहार एकाच पडद्यावर शेजारी दिसतात. वेष्टन वाचल्याखेरीज भेद कळत नाही.

वैद्याने काय करावे?

प्रश्न बदलावा. 'काही औषध घेता का?' याऐवजी 'मोबाइलवरून खाण्यापिण्याचे, लावण्याचे काय मागविले?' असे विचारावे. चहा, गोळ्या, तेल यांना रुग्ण औषध समजत नाही. मागणीची यादी मोबाइलमध्येच असते. रुग्णाच्या संमतीने ती पाहावी. प्रत्येक वस्तूचे घटक लिहून समान द्रव्यांची एकत्रित मात्रा काढावी. वेष्टनावरील परवाना क्रमांक, ग्रंथाधार आणि वैद्यकीय देखरेखीची सूचना वाचण्यास रुग्णास शिकवावे. अनिष्ट परिणाम आढळल्यास २०१८ पासून चालू असलेल्या आयुष औषधदक्षता कार्यक्रमाकडे तो अवश्य कळवावा. यात आयुर्वेदाची बदनामी नाही. न कळविण्यात मात्र ती निश्चित आहे.

भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी हे चिकित्सेचे चार पाद. ऑनलाइन खरेदीत द्रव्य आणि रोगी यांची गाठ परस्पर पडते. रुग्णास दरडावून ती टळणार नाही, कारण मग तो पिशवी घरीच ठेवून येईल. ती पिशवी त्याने निःशंकपणे आपल्यापुढे उघडावी, एवढा विश्वास मिळविणे आपल्या हाती आहे.