शके ५५६: एक वर्ष, अनेक आकडे

कर्नाटकात ऐहोळेच्या टेकडीवर मेगुती हे जैन मंदिर आहे. चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीच्या काळात कवी रविकीर्तीने ते बांधवलं आणि राजाची आपण रचलेली प्रशस्ती तिथल्या भिंतीवर कोरून घेतली. तीन महाराष्ट्रकं आणि त्यांतली ९९ हजार गावं तिच्यात येतात, म्हणून ती आपल्यालाही जवळची. मंदिराचं वर्ष तिच्यात दोन प्रकारे दिलंय, तेही शब्दांत. भारतयुद्धाला तीस, तीन हजार, सातशे आणि पाच वर्षं झाली, म्हणजे ३७३५. शक राजांची पन्नास, सहा आणि पाचशे झाली, म्हणजे ५५६.

यावरून युद्धाची तारीख सिद्ध झाली, असं हिरिरीने सांगितलं जातं. तसं नाही. आर्यभटाने कलियुगाची ३६०० वर्षं मोजली ती इ.स. ४९९ला. त्यात १३५ मिळवा, ३७३५ होतात. म्हणजे रविकीर्तीने ज्योतिषांचीच कलियुगाची गणना युद्धाला लावली. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त युधिष्ठिराचा काळ शकापूर्वी २५२६ वर्षं येतो, म्हणजे सुमारे साडेसहाशे वर्षं अलीकडे. सातव्या शतकात लोक काय मानत होते, याचा मात्र हा शिलालेख अस्सल पुरावा आहे.

दुसरा समज आपल्या घरातला: शक शालिवाहनाने सुरू केला. लेखात नाव आहे ते शक राजांचं. शालिवाहन त्याला कित्येक शतकांनी चिकटला. नाशिकच्या लेण्यांत सातवाहन स्वतः आपल्या राज्यारोहणापासूनची वर्षं मोजतात.

बेरीज-वजाबाकीतही लोक अडखळतात. कलियुगारंभ इ.स.पू. ३१०२, त्यात ६३४ मिळवले तर ३७३६ येतात. एक वर्ष जास्त कसं? इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, मध्ये शून्य वर्ष नाही. शिवाय ५५६ ही सरलेली वर्षं आहेत. पोराला पाच पूर्ण होऊन सहावं लागतं, तसं तेव्हा ५५७वं चालू होतं. चैत्र ते फाल्गुन धरल्याने ते इ.स. ६३४-३५मध्ये पसरतं. चैत्री विक्रम संवत ६९१. गुजरातेत कार्तिकापर्यंत ६९०च.

आपण त्या वर्षाला हिजरी १३ही म्हणतो. पण हिजरी गणना खलिफा उमर यांनी सुरू केली ती चारेक वर्षांनी. इसवी सनाची कल्पना ५२५मध्ये डायोनिसियस या भिक्षूने मांडली होती, पण युरोपात ती रुळली बीड या इंग्रज भिक्षूच्या ७३१च्या इतिहासग्रंथानंतर. ऐहोळेच्या भिंतीवर ६३४ हा आकडा कुठेही नाही.