किल्ली, बॅटरी आणि इंजिन : उभ्या मोटारीचाही जमाखर्च

मोटारीसाठी कर्ज घेऊ इच्छिणारा ग्राहक शाखेत येतो, तेव्हा व्याजाचा दर, हप्त्याची रक्कम व परतफेडीचा कालावधी यांविषयी तो बारकाईने चौकशी करतो. ते योग्यच होय. परंतु वाहन दारात आल्यानंतर त्यासोबत मिळालेली माहितीपुस्तिका बहुधा डॅशबोर्डच्या कप्प्यात जाऊन पडते आणि पुढे कित्येक वर्षे उघडलीही जात नाही. ज्या वस्तूचे हप्ते पाच-सात वर्षे फेडावयाचे, तिची किल्ली दाबल्यावर नेमके काय घडते हे ठाऊक नसणे काही प्रसंगी फार महागात पडते.

एके काळी मोटार सुरू करण्यासाठी समोरच्या बाजूने लोखंडी हँडल फिरवावे लागे. जुन्या ॲम्बॅसेडरच्या मालकांना ते आठवत असेल. इंजिनाने उलट झटका दिला की मनगट मोडण्याची भीती असे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेवर चालणारा स्टार्टर १९१२च्या कॅडिलॅक मोटारीत बसविण्यात आला आणि ही भीती संपली. मात्र त्याच दिवसापासून मोटार बॅटरीची मिंधी झाली. आजची मोटार तर कुलूप उघडण्यासाठीसुद्धा विजेवर अवलंबून असते.

एका किल्लीत तीन किल्ल्या

आधुनिक किल्ली ही वस्तुतः तीन साधनांची जोडगोळी आहे. पहिले साधन म्हणजे धातूचे पाते. दुसरे म्हणजे दरवाजे उघडणारा रिमोट. हा रिमोट प्रत्येक वेळी नवा सांकेतिक क्रमांक पाठवितो, त्यामुळे एकदा चोरून ऐकलेला संकेत पुन्हा वापरून दार उघडणे सोपे राहत नाही. तिसरे साधन डोळ्यांना दिसत नाही. ती एक इवलीशी चिप असते आणि तिची ओळख पटल्याखेरीज इंजिन सुरू होत नाही. विशेष म्हणजे या चिपला स्वतःच्या सेलची गरज नसते. मोटारीतील तारेच्या वेटोळ्यातून मिळणाऱ्या चुंबकीय क्षेत्रावरच ती काम करते.

हा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. रिमोटचा सेल संपला म्हणजे मोटार अडकून पडली, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. बटण दाबून सुरू होणाऱ्या मोटारींच्या किल्लीतही एक लहानसे पाते दडविलेले असते. त्याने दार उघडावे व किल्ली स्टार्ट बटणाला, अथवा पुस्तिकेत दाखविलेल्या जागेला, टेकवून बटण दाबावे. इंजिन सुरू होते. पात्याने दार उघडताच भोंगा वाजू लागला तरी घाबरण्याचे कारण नाही; चिपची ओळख पटली की तो थांबतो. ही कृती रात्री महामार्गावर शिकण्यापेक्षा घराच्या अंगणात एकदा करून पाहिलेली बरी.

किल्लीतील सेल नाण्याच्या आकाराचा असतो. बऱ्याच किल्ल्यांत तो ‘सीआर २०३२’ या प्रकारचा असतो. याचा अर्थ व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. तरीही जुन्या सेलवरील क्रमांक वाचूनच नवा घ्यावा. पूर्वी पंधरा-वीस पावलांवरून उघडणारे दार अगदी जवळ गेल्याशिवाय उघडेनासे झाले, की सेल बदलण्याची वेळ आली असे समजावे. काढलेला सेल मात्र टेबलावर ठेवून देऊ नये. लहान मुलाने तो गिळल्यास दोन तासांच्या आत अन्ननलिका भाजू शकते. अशा वेळी वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते.

बॅटरीचे चालू खाते

बारा व्होल्टच्या नेहमीच्या बॅटरीत शिसे व सौम्य गंधकाम्ल असलेले सहा कप्पे असतात. पूर्ण भारित बॅटरी विश्रांतीच्या स्थितीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ व्होल्ट म्हणजे साधारण निम्मी शिल्लक. इंजिन चालू असताना हाच आकडा बहुधा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असावा. तो वाढत नसेल तर दोष बॅटरीचा नसून तिला भारित करणाऱ्या अल्टरनेटरचा किंवा त्याच्या पट्ट्याचा असण्याचा संभव अधिक. मीटर न लावताच नवी बॅटरी विकत घेणारे ग्राहक थोडे नाहीत. आठवड्याने ती नवी बॅटरीही उतरते, तेव्हा खरे कारण ध्यानी येते.

बॅटरीची तुलना चालू खात्याशी करावयाची झाल्यास, उभ्या मोटारीतूनही रोज काही रक्कम आपोआप वजा होत असते. घड्याळ, धोक्याचा भोंगा, किल्लीच्या संकेताची वाट पाहणारा ग्राहक-यंत्रभाग हे सारे जागे असतात. हा प्रवाह ३० मिलिअँपिअर धरला तर दिवसाला सुमारे ०.७ अँपिअर-तास आणि महिन्याला जवळपास २२ अँपिअर-तास खर्ची पडतात. बॅटरी ४५ अँपिअर-तासांची असेल तर निम्मी शिल्लक महिन्याभरात संपली! मार्च २०२० मध्ये देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली आणि आठवडेच्या आठवडे जागीच उभ्या राहिलेल्या असंख्य मोटारी नंतर सुरू होईनात, त्यामागे हेच साधे गणित होते.

बँकेच्या नोकरीत बदली ही नित्याची बाब. पुण्याचा अधिकारी गुवाहाटीला रुजू होतो आणि मोटार पुण्यात सोसायटीच्या आवारात राहते. शेजारी किंवा नातलग आठवड्यातून एकदा पाच मिनिटे इंजिन सुरू करून बंद करतात. हेतू चांगला असला तरी त्यातून लाभ होत नाही. स्टार्टरने एका दमात खर्च केलेली वीज एवढ्या अवधीत नीट भरून निघत नाही आणि इंजिनही पुरते तापत नाही. त्यापेक्षा अर्धा तास गाडी प्रत्यक्ष चालवावी. ते शक्य नसेल तर बॅटरीच्या ऋण टोकाची, म्हणजे वजा चिन्हाची, वायर सोडवून ठेवावी. मग रिमोट चालणार नाही व धोक्याचा भोंगाही बंद राहील, हे गृहीत धरून दार पात्याने लावावे. पूर्ण उतरलेल्या अवस्थेत बॅटरी दीर्घकाळ राहिली तर तिच्या पट्ट्यांवर क्षार घट्ट बसतात आणि ती पूर्वीसारखी भारित होत नाही.

हवामानाचा परिणामही कमी नाही. लेहच्या थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि इंजिनातील तेल दाट होते, त्यामुळे दोष लगेच उघडकीस येतो. याउलट नागपूरच्या उन्हाळ्यात ती आतून झिजत जाते आणि एके दिवशी पूर्वसूचनेवाचून दगा देते. आयुष्य कमी करण्यात उष्णतेचाच वाटा मोठा असतो. उन्हाळा सरताच बॅटरी तपासून घेण्याचा प्रघात म्हणूनच शहाणपणाचा आहे.

दुसऱ्या मोटारीची मदत घेऊन जंपर केबलने इंजिन सुरू करताना क्रम पाळणे आवश्यक असते. लाल वायर प्रथम उतरलेल्या बॅटरीच्या अधिक चिन्हाला, नंतर चांगल्या बॅटरीच्या अधिक चिन्हाला जोडावी. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या वजा चिन्हाला आणि तिचे दुसरे टोक बंद पडलेल्या मोटारीच्या इंजिनावरील उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर, लावावे. शेवटच्या जोडणीच्या वेळी ठिणगी पडते आणि बॅटरीभोवती हायड्रोजन वायू असू शकतो, म्हणून हे अंतर ठेवावयाचे. स्वयंचलित गिअरची मोटार धक्का मारून सुरू होत नाही. त्यासाठी जमलेल्या मंडळींना विनाकारण घामाघूम करू नये.

इंजिन आणि पाणी

इंजिनाच्या बाबतीत डॅशबोर्डवरील दिव्यांचे रंग ओळखता आले तरी पुष्कळ झाले. तेलाचा लाल दिवा लागला तर मोटार सुरक्षित जागी थांबवून इंजिन तात्काळ बंद करावे; ‘गॅरेजपर्यंत जाऊ’ हा विचार इंजिनाच्या जिवावर बेततो. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा स्थिर असेल तर लवकर तपासणी करावी, लुकलुकत असेल तर वेग तत्काळ कमी करून मोटार थांबवावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये.

पावसाळ्याची गोष्ट निराळी. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि हजारो वाहने पाण्यात अडकली. बंद मोटारीत अडकून काही जणांनी प्राण गमावले. पाणी चढू लागल्यावर काचा व कुलपे विजेवर चालतात याचा विसर पडू देऊ नये. वीज शाबूत आहे तोवर काच खाली करून अथवा दार उघडून बाहेर पडावे. वाहन नंतरही मिळते.

अशा पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा बटण दाबू नये. हवेच्या वाटेने पाणी आत शिरले असल्यास दट्ट्या ते दाबू शकत नाही, कारण पाणी हवेसारखे आक्रसत नाही. परिणामी आतील दांडा वाकतो. मोटार ओढून न्यावी. पुरामुळे होणारे नुकसान सर्वंकष विमापत्रात अंतर्भूत असते. मात्र पाण्यात इंजिन पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नातून झालेली हानी ‘परिणामी हानी’ ठरवून दावा नाकारला जाऊ शकतो. इंजिन संरक्षणाचे जादा कलम वेगळा हप्ता भरून घ्यावे लागते व त्याच्या अटी वाचून घ्याव्या लागतात.

दुसरी किल्ली कोठे आहे?

विम्याचा विषय निघाला म्हणजे किल्लीकडे पुन्हा वळावे लागते. मोटार चोरीस गेल्यास विमा कंपनी प्राथमिक माहिती अहवाल व नोंदणी प्रमाणपत्राबरोबर वाहनाच्या सर्व मूळ किल्ल्या मागते. एकच सादर केली तर दुसरी किल्ली मोटारीतच राहिली होती काय, असा प्रश्न उभा राहतो आणि दावा रेंगाळतो. कर्ज फिटेपर्यंत वाहन बँकेकडे तारणगहाण असते; दाव्याच्या रकमेवर पहिला हक्क बँकेचा, पण दावाच नामंजूर झाला तरी कर्जदाराचे हप्ते थांबत नाहीत.

तेव्हा दुसरी किल्ली मोटारीच्या कप्प्यात न ठेवता घरी, कागदपत्रांसोबत ठेवावी. किल्ली हरविलीच तर पोलिसांत नोंद करून विमा कंपनीस लेखी कळवावे. अधिकृत कार्यशाळेत नवी किल्ली बनविताना हरवलेल्या किल्लीचा संकेत मोटारीच्या स्मृतीतून पुसून घ्यावा आणि या कामाचे देयक विमापत्राला जोडून ठेवावे.