लव्हाळ्याच्या रानात पॉवर वीडर
शेतीतली यंत्रे : भाग ६

गुलमंडीत दुकान आणि फुलंब्रीकडे दोन-तीन एकर रान, अशी घरे आपल्या शहरात बरीच आहेत. आठवडाभर गल्ला, रविवारी बांध. खुरपणीला बाया मिळत नाहीत आणि मिळाल्या तरी रविवारी नाहीत, तेव्हा पॉवर वीडरचा विषय निघतोच. बैलाच्या कोळप्यावरचा मागचा भाग वाचून गुलमंडीतल्याच एका वाचकाने विचारले, पाच एचपीचा घ्यावा की सातचा? सांगतो, पण त्याआधी रानात गवत कोणते आहे ते बघून या.

वीडरची सगळी करामत फिरत्या पात्यांत आहे. ऑस्ट्रेलियात गिलगांड्रा येथे आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या तरुणाने 1912 साली वडिलांच्या शेतावर वाफेच्या इंजिनाच्या बळावर अशी पाती फिरवून पाहिली. सुरुवातीला माती नुसती बाजूला उडायची. पाती काटकोनात वाकवली तेव्हा ती जागच्या जागी मोकळी होऊ लागली. आपल्याकडच्या रोटाव्हेटरचे आणि वीडरचे पाते आजही त्याच वळणाचे आहे.

आता गवत. काँग्रेस गवत, म्हणजे गाजरगवत, बियांवर वाढते. भारतात त्याची नोंद प्रथम पुण्यात झाली, 1950च्या दशकात, आणि तिथून ते देशभर पसरले. एका झाडाला हजारो बिया येतात; पण फूल येण्याआधी वीडर फिरवला तर ते झाड तिथेच संपते. तुकड्यांतून ते फुटत नाही. माठाची कोवळी रोपेही उन्हाच्या दिवशी उपटून पडली की दुपारपर्यंत सुकतात.

लव्हाळा आणि हरळी यांचे तसे नाही. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत एकमेकींना जोडलेल्या असतात. वरची गाठ जिवंत असेपर्यंत खालच्या बऱ्याचशा निजून राहतात. पाते फिरले की साखळी तुटते आणि प्रत्येक गाठ स्वतंत्रपणे फुटायला मोकळी होते. हरळीच्या कांडीला डोळे असतात. तिचे तुकडे करणे म्हणजे उसाचे बेणे लावण्यासारखेच. ओल्या रानात हरळीवर वीडर फिरवून तीन आठवड्यांनी हिरवळ दुप्पट झाली, म्हणून यंत्राला शिव्या देणारे पुष्कळ भेटतात. यंत्राने त्याला सांगितले तेच केलेले असते. या दोघांचा बंदोबस्त एप्रिल-मेमध्ये करावा: खोल नांगरट, गाठी-काशा वर काढून उन्हात तापवणे आणि वेचून बांधाबाहेर टाकणे. या कामाला नांगर आणि माणसे लागतात, वीडर नाही.

दुसरी गोष्ट वापशाची. आपली काळी चिकण जमीन ओली असताना पात्याला लगदा होऊन चिकटते आणि पाते जिथवर पोचते तिथे खाली लिंपल्यासारखा घट्ट थर बसतो. पूर्ण वाळल्यावर तीच जमीन ढेकळे उडवते आणि चालवणाऱ्याचे खांदे निखळतील असे वाटते. मूठभर माती दाबून गोळा करा, कमरेइतक्या उंचीवरून टाका. फुटला तर वापसा आहे. चेंडूसारखा पडला तर घरी जा. पावसाळ्यात वापसा दोन-तीन दिवसच टिकतो, आणि तो नेमका रविवारी येईल असा करार पावसाने कोणाशी केलेला नाही.

वीडर ढकलायचा नसतो, हे पहिल्याच दिवशी कळले तर बरे. लहान यंत्रात पातीच त्याला पुढे ओढतात. मागची दांडी जमिनीत रुतवून आपण फक्त त्याला अडवतो. दांडी दाबली की यंत्र थबकते आणि खोल जाते, उचलली की पळते. तणासाठी चार-पाच सेंटिमीटर पुरे. त्याहून खोल गेलात तर पिकाच्या मुळ्या कापता आणि खालचे तणाचे बी वर आणता. कपाशीच्या 90 सेंटिमीटर ओळीत यंत्र छान चालते. सोयाबीनच्या 45 सेंटिमीटरमध्ये कडेची पाती काढून रुंदी कमी करावी लागते. छोट्या तुकड्याला तिथे हाताने ढकलायचे सायकल कोळपेच बरे. मोसंबीच्या झाडाच्या घेरात मात्र वीडर नेऊच नका. तिच्या अन्न शोषणाऱ्या मुळ्या वरच असतात आणि जखमी मुळ्यांतून डिंक्याची बुरशी शिरते. आधी ठिबकच्या नळ्याही उचलून ठेवा. पात्याभोवती गुंडाळलेली नळी सोडवण्यात अख्खी सकाळ जाते.

एक गोष्ट कडक शब्दांत सांगतो. क्लचचा दांडा सुतळीने बांधून वीडर चालवणारे मी पाहिले आहेत. तो दांडा हात सुटताच पाती थांबावीत म्हणून असतो. रिव्हर्समध्ये यंत्र आपल्याच पायांवर येते. तेव्हा उपरणे, साडीचा पदर, लोंबता पायजमा जवळ नको. पात्यात अडकलेले गवत इंजिन बंद करूनच काढायचे.

आता एचपीचे. जमीन आधीच नांगरलेली असेल आणि काम ओळींतले तण काढण्याचे असेल तर पेट्रोलचा पाच एचपी पुरतो. घट्ट काळ्या रानात भुसभुशीत वाफे करायचे असतील तर सात किंवा त्याहून जड डिझेलचा घ्या. पण तो बांधावरून उचलायला दोन गडी लागतात हे धरून चाला. दोन एकरांसाठी मी तरी आधी एक हंगाम भाड्याने आणून पाहीन. अनुदानाचा अर्ज महाडीबीटीवर होतो. त्याची कागदपत्रे आणि भाड्याचा हिशेब पुढच्या भागात.