बिऱ्हाड परदेशी हलवताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

परदेशात स्थायिक झाले की सातबाऱ्यावरचे नाव जाते, हा जळगाव जिल्ह्यातल्या रावेरसारख्या केळीपट्ट्यातल्या शेतकरी घरांचा पहिला धसका. तो खरा नाही. आधीपासून नावावर असलेली किंवा वारसाहक्काने आलेली शेतजमीन अनिवासी भारतीयाला ठेवता येते. वडिलांच्या पश्चात वारस नोंद आणि फेरफारही इतर भावंडांप्रमाणेच होतो. अडचण येते ती दुसरीकडे. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालच्या 2019 च्या नियमांनुसार अनिवासी व्यक्तीला शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीसपत्रानेही स्वीकारता येत नाही. त्यामुळे ‘पोरगा तिकडे रुळला की दोन एकर त्याच्या नावे करून देऊ’ असे म्हणणाऱ्या वडिलांनी आधी वकिलाला विचारलेले बरे.

दुसरा गैरसमज नागरिकत्वाचा. ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड म्हणजे दुहेरी नागरिकत्व, असे सर्रास बोलले जाते. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. 1955 च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. ओसीआय कार्डावर भारतात आयुष्यभर येता-राहता येते, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीनही खरेदी करता येत नाही. तिकडे जन्मलेले मूल आईवडील भारतीय आहेत म्हणून आपोआप भारतीय ठरते, हेही अर्धसत्य आहे. 3 डिसेंबर 2004 पासून अशा मुलाच्या जन्माची नोंद भारतीय वकिलातीत एक वर्षाच्या आत करावी लागते आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असे लिहून द्यावे लागते. वर्ष उलटले तर केंद्र सरकारची परवानगी लागते. मूल अमेरिकेचे नागरिक असले तरी त्याच्या आधारावर आईवडिलांना ग्रीन कार्ड मागता येते ते मूल 21 वर्षांचे झाल्यावरच.

इकडून तान्हे मूल घेऊन निघणाऱ्यांची गाडी बहुतेक वेळा जन्मदाखल्यापाशी अडते. प्रसूतीनंतर नोंद लगेच होते, बारसे मागाहून, म्हणून दाखल्यावर नावाचा रकाना कोराच राहतो. नाव नंतर लावून घेता येते. मात्र पासपोर्टच्या अर्जाआधी ते झालेले हवे. 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. शिवाय 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र शासनाने बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम ठरवला आहे. दाखला, पासपोर्ट आणि व्हिसाचा अर्ज यांत नाव अक्षरशः एकसारखे असावे. मुलाचे नाव आईवडिलांच्या पासपोर्टात घातले की पुरते, हा समज जुन्या काळचा. आता तान्ह्या बाळालाही स्वतंत्र पासपोर्ट लागतो, आणि तो साधारणपणे पाच वर्षांचाच मिळतो.

नोकरीचा किंवा शिक्षणाचा व्हिसा मिळाला म्हणजे बायकामुलांचाही मिळालाच, हेही गृहीत धरू नये. ब्रिटनने जानेवारी 2024 पासून बहुतेक विद्यार्थ्यांना आणि त्याच वर्षी 11 मार्चपासून नव्याने येणाऱ्या केअर वर्करना कुटुंब सोबत आणण्यास मनाई केली.

सर्वात खोल रुजलेला गैरसमज भाषेचा. घरात मराठी बोलले तर मूल इंग्रजीत मागे पडेल, या भीतीने कित्येक आईवडील विमानात बसण्याआधीच घरची बोली सोडतात. खरे तर रावेरचे मूल मुळात एकभाषी नसते. आजीजवळ ते घरच्या बोलीत ‘मले पानी दे’ म्हणते, शाळेत प्रमाण मराठी लिहिते आणि बऱ्हाणपूरच्या बाजारात हिंदी ऐकते. लहान मुलाच्या मेंदूला दोन-तीन भाषांचे ओझे होत नाही. नव्या बालवाडीत काही मुले आठवडे, क्वचित महिनेही गप्प राहतात; त्या काळात ती ऐकून भाषा साठवत असतात. एका वाक्यात दोन भाषा मिसळणे हेही शिकण्याचेच लक्षण. मात्र मूल आपली भाषाही नीट बोलत नसेल, तर ते भाषा बदलल्यामुळे असे समजून थांबू नये, बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. शाळेची भाषा शाळेतून आणि खेळगड्यांकडून येतेच. लेवा बोली किंवा अहिराणी मात्र घरात बोलली तरच टिकते, आणि व्हिडिओ कॉलवर आजीने ‘जेवला का?’ विचारल्यावर नातवाला तिच्याच बोलीत उत्तर देता येते.